खेळाची तारीख

संगमनेरचे शाहीर अनंत फंदी १७४४ साली जन्मले आणि १८१९ साली गेले. मधल्या पंचाहत्तर वर्षांत त्यांनी किती फड गाजवले, त्यांच्या डफावर पहिली थाप कोणत्या गावच्या जत्रेत पडली, कोणती लावणी कोणत्या रात्री प्रथम म्हटली गेली, यांपैकी एकाही गोष्टीला तारीख नाही. तारीख आहे ती त्यांनी ज्यांवर कवने केली त्या घटनांना. निजामाशी मराठ्यांची खर्ड्याची लढाई ११ मार्च १७९५ रोजी झाली. खर्डा हे जामखेड तालुक्यातले, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातलेच गाव. फंदींनी या लढाईचा पोवाडा रचला. लढाईचा दिवस बखरीपासून दप्तरापर्यंत सगळीकडे नोंदला गेला, पोवाडा पहिल्यांदा म्हटला गेला तो दिवस मात्र कोणालाच टिपावासा वाटला नाही. फंदींची आणखी एक आख्यायिका या जिल्ह्यात सर्वांना माहीत असते. अहिल्याबाई होळकरांनी त्यांचा कान धरला, ब्राह्मणाने तमाशा काय करायचा असे विचारले, आणि त्या दिवसापासून फंदी कीर्तनाकडे वळले. ही भेट कधी झाली? अहिल्याबाई १३ ऑगस्ट १७९५ रोजी निवर्तल्या, तेव्हा भेट त्याआधीची. खर्ड्याचा पोवाडा मार्चनंतरचा. म्हणजे एक तर फंदींनी तमाशा सोडूनही पोवाडे म्हणणे चालू ठेवले, किंवा ती भेट नेमकी या पाच महिन्यांत झाली, किंवा आख्यायिका ही आख्यायिकाच आहे. जुन्या खेळांच्या तारखा शोधणाऱ्याचे काम हे असेच चालते. खेळाला स्वतःची तारीख नसते, म्हणून शेजारच्या दोन पक्क्या तारखांच्या मध्ये त्याला कोंडीत पकडावे लागते.

फंदींच्या काळच्या लोकांना तारखेचे वावडे होते असे मात्र समजू नये. त्यांचा सगळा व्यवहारच तिथीवर चाललेला होता. मढीला कानिफनाथांची यात्रा केव्हा, तर रंगपंचमीला. ती दर वर्षी तेव्हाच येते, मग अमक्या सालची म्हणून वेगळी नोंद कशाला ठेवायची? तिथी फिरून येते, तारीख एकदाच येते. फिरून येणाऱ्या गोष्टीला पुरावा लागत नाही. शिवाय खेळ बिदागीवर चालत असे. बिदागी देणारा पाटील किंवा सरदार समोर बसलेला असे, त्याला कोणी जाहिरात दाखवून बोलवायचे नव्हते. खेळाची तारीख जन्माला यायला आधी अनोळखी प्रेक्षक जन्माला यावा लागतो, ज्याला दिवस, वेळ, जागा आणि दर आगाऊ सांगावा लागतो. तंजावरच्या भोसल्यांच्या दरबारात शहाजीराजांनी सतराव्या शतकाच्या अखेरीस ‘लक्ष्मीनारायण कल्याण’सारखी मराठी नाटके लिहिली, ती सरस्वती महालाच्या ग्रंथालयात सुखरूप राहिली. संहिता राहिल्या, पण त्या कोणत्या संध्याकाळी खेळल्या गेल्या ते हरवले. कारण उघड आहे: दरबारात तिकीट नव्हते.

आता आपण १८४२ सालच्या नगरला येऊ. त्या वर्षीच्या जूनमध्ये अमेरिकन मराठी मिशनने इथून ‘ज्ञानोदय’ सुरू केले. पुढे काही वर्षांतच ते मुंबईला गेले, तरी त्याचा जन्म नगरचा. नाटक-तमाशाचे कौतुक करण्याचे मिशनऱ्यांना काहीच कारण नव्हते. पण नियतकालिक म्हणजे काय, तर डोक्यावर तारीख घेऊन निघणारा कागद, आणि त्यात जे छापले जाते त्याला आपोआप एक दिवस मिळतो. छापील तारखेची ही सवय मराठीला लागत होती त्याच वेळी सांगलीत चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धनांसमोर कर्नाटकातल्या भागवत मंडळींचे खेळ झाले. तसे काही मराठीत करून दाखवावे अशी आज्ञा विष्णुदास भाव्यांना झाली, आणि १८४३ साली ‘सीता स्वयंवर’ उभे राहिले. मराठी रंगभूमीचा हा आरंभ मानला जातो आणि ५ नोव्हेंबर हा त्याचा दिवस.

या ५ नोव्हेंबरचा प्रवासही पाहण्यासारखा आहे. तो खेळ राजवाड्यातला, निमंत्रितांचा होता. तिकीट नाही, हँडबिल नाही, वर्तमानपत्रातली जाहिरात नाही. भाव्यांनी स्वतः आपली हकीकत छापली ती १८८५ मध्ये, ‘नाट्यकवितासंग्रहा’च्या निमित्ताने, म्हणजे खेळानंतर तब्बल बेचाळीस वर्षांनी. आप्पाजी विष्णु कुलकर्ण्यांचे ‘मराठी रंगभूमी’ हे इतिहासाचे पहिले पुस्तक १९०३ चे, त्याआधी दोनच वर्षे भावे वारले होते. पुढे १९४३ मध्ये सांगलीला शताब्दीचा मोठा सोहळा झाला. अध्यक्ष होते विनायक दामोदर सावरकर. ५ नोव्हेंबर हा रंगभूमी दिन म्हणून मराठी मनात पक्का बसला तो त्या सोहळ्यानंतर. मी हा दिवस आनंदाने साजरा करतो. मात्र इतिहासाच्या वहीत तो लिहिताना हात थोडा जपून चालवावा, कारण या तारखेला आपण ओळखतो ते मुख्यतः शंभर वर्षांनंतरच्या उत्सवामुळे. याउलट याच भाव्यांच्या मंडळीने मार्च १८५३ मध्ये मुंबईत ग्रँट रोडच्या नाट्यगृहात खेळ केला, त्याबद्दल असा संकोच लागत नाही. १८५१ मध्ये आप्पासाहेब वारले आणि राजाश्रय सुटला. पोटासाठी गावोगाव फिरणे आले, तिकीट लावणे आले, आणि त्यापाठोपाठ इंग्रजी वर्तमानपत्रात जाहिरात आली. आश्रय गेला आणि तारीख मिळाली, असा हा सौदा. मराठी नाटकाचा पक्का कालक्रम दारिद्र्यापासून सुरू होतो, असे मी म्हटले तर नाट्यप्रेमींनी रागावू नये.

त्या दशकातले एक नाटक मात्र या सगळ्या हिशेबाबाहेर राहिले. जोतीराव फुल्यांनी १८५५ मध्ये ‘तृतीय रत्न’ लिहून दक्षिणा प्राइज कमिटीकडे पाठवले. कमिटीने ते नाकारले आणि छापील रूपात ते वाचकांपुढे आले १९७९ मध्ये. लेखनाचे साल पक्के, प्रकाशनाचेही पक्के, आणि मधल्या सव्वाशे वर्षांत खेळाची तारीखच नाही, कारण खेळच होऊ दिला गेला नाही. ज्या सावित्रीबाईंनी नगरला मिस फरार यांच्या शाळेत अध्यापनाचे धडे घेतले, त्यांच्या घरात लिहिले गेलेले हे नाटक. कालक्रम लिहिणाऱ्याने असे रिकामे रकानेही दाखवले पाहिजेत.

१८८० नंतर तारखा भराभर येऊ लागतात आणि त्यांबरोबर नव्या अडचणीही येतात. अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘संगीत शाकुंतल’ ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात आनंदोद्भव नाट्यगृहात झाले. ही तारीख आपण शाळेपासून ऐकतो. पण त्या रात्री झाले ते सातांपैकी पहिले चार अंक. ‘सौभद्रा’चेही तसेच: १८ नोव्हेंबर १८८२ रोजी तीन अंक, आणि संपूर्ण नाटक मार्च १८८३ मध्ये. मग पहिला प्रयोग कोणता धरायचा? पडदा प्रथम वर गेला तो, की नाटक पुरे झाले तो? आणि मुळात पहिले संगीत नाटक ‘शाकुंतल’च का? त्याच्या एकच वर्ष आधी, १८७९ मध्ये, सोकर बापूजी त्रिलोकेकरांचे ‘नल-दमयंती’ पदांसह रंगमंचावर आले होते. त्रिलोकेकरांना आज ओळखतात ते बहुधा परीक्षेला बसलेले विद्यार्थीच. ‘पहिला’ हा मान घटनेला मिळत नाही. त्या घटनेमागे पुढे जी परंपरा उभी राहिली तिच्या जोरावर तो मिळतो, आणि परंपरा किर्लोस्करांची उभी राहिली. भाऊराव कोल्हटकरांचा गळा त्रिलोकेकरांकडे नव्हता, दुसरे काय!

याच सुमाराला नोंद ठेवणारा एक नवाच गृहस्थ नाट्यगृहात येऊन बसला. १८७६ च्या नाट्यप्रयोग नियंत्रण कायद्याने सरकारला खेळ बंद पाडण्याचा अधिकार दिला. ज्याला खेळ बंद पाडायचा आहे त्याला तो कुठे, केव्हा आणि किती लोकांसमोर झाला हे नीट माहीत असावे लागते. खाडिलकरांचे ‘कीचकवध’ १९०७ मध्ये आले आणि १९१० मध्ये त्यावर बंदी पडली. नाटकाच्या इतिहासकाराला सरकारी कागदांत जो मजकूर सापडतो तो नाटकाच्या शत्रूने लिहिलेला असतो, आणि तो भक्ताच्या आठवणीपेक्षा पुष्कळदा विश्वासार्ह असतो. आठवणीची तारीख पक्की राहते ती तिला दुःखाची गाठ बसली तर. ‘मानापमान’चा पहिला प्रयोग १२ मार्च १९११ रोजी मुंबईत झाला, त्याच दिवशी बालगंधर्वांची मुलगी गेली आणि तरी ते भामिनीच्या वेषात उभे राहिले. ‘एकच प्याला’ २० फेब्रुवारी १९१९ रोजी बडोद्यात लागले, तेव्हा गडकऱ्यांना जाऊन महिनाही झाला नव्हता. ते २३ जानेवारीला सावनेरला वारले होते. या तारखा कोणी विसरत नाही आणि कोणाला तपासाव्याही लागत नाहीत.

नगरकडे पुन्हा यायचे कारण मोठे चमत्कारिक आहे. शहराच्या दक्षिणेला अरणगावजवळ मेहेराबाद आहे. १९२३ मध्ये मेहेरबाबा आपल्या मंडळींसह इथे आले, १० जुलै १९२५ पासून त्यांनी मौन धरले आणि ३१ जानेवारी १९६९ रोजी देह ठेवीपर्यंत ते सोडले नाही. बोलणारा माणूस बोलेनासा झाला की भोवतालचे लिहायला लागतात. रामजू अब्दुल्लांची रोजनिशी १९२२ पासूनची आहे, आणि भाऊ कलचुरींनी लिहिलेले चरित्र वीस खंडांचे. बाबा कोणत्या दिवशी कोणत्या गावी होते, हे एखाद्या नाटक मंडळीच्या दौऱ्यापेक्षा कितीतरी नेमके सांगता येते. फंदींच्या जिल्ह्यातच दीडशे वर्षांनी दिवसादिवसाची अशी नोंद व्हावी! तिकीट विकणारा आणि बंदी घालणारा यांच्या पंक्तीला इथे तिसरा नोंदकर्ता येऊन बसतो, तो म्हणजे भक्त.

या भक्तांत १९६७-६८ च्या सुमारास पीट टाउनशेंड नावाचा एक इंग्रज गिटारवादक आला. ‘द हू’ हा त्याचा रॉक बँड. १९६९ च्या ‘टॉमी’ या तबकडीवर मेहेरबाबांचा ‘अवतार’ म्हणून उल्लेख आहे, १९७१ च्या ‘बाबा ओरायली’ या गाण्याच्या नावातले बाबा हेच, आणि १९७२ च्या सुरुवातीला टाउनशेंड स्वतः मेहेराबादला समाधीच्या दर्शनाला येऊन गेला. आपल्याला इथे रस आहे तो या बँडने १९७० मध्ये केलेल्या एका गोष्टीत. १४ फेब्रुवारी १९७० रोजी लीड्स विद्यापीठाच्या भोजनगृहात त्यांचा कार्यक्रम ध्वनिमुद्रित झाला. त्याची तबकडी निघाली तेव्हा पाकिटात बँडच्या जुन्या कागदांच्या नकला घातल्या होत्या: १९६४ मधल्या मार्की क्लबच्या मंगळवारच्या खेळांचे भित्तिपत्रक, नकाराचे पत्र, वूडस्टॉकचा करारनामा. आपला पुरावा आपणच ग्राहकाच्या हातात ठेवणारी ही मंडळी. तरीही १९६४ चा त्यांचा पहिला काळ अभ्यासकांना अजून छळतो. कीथ मून पहिल्यांदा ड्रमवर बसला तो दिवस, टाउनशेंडची पहिली गिटार हॅरोच्या रेल्वे हॉटेलात मोडली तो दिवस, या दंतकथांना ठाम तारीख चिकटता चिकटत नाही. कारण तेच. गिटार मोडणार आहे अशी जाहिरात कोणी आगाऊ देत नाही.

रॉक संगीताच्या तारखा शोधण्याचे शास्त्र उभे राहिले ते बीटल्समुळे. हंटर डेव्हिसच्या १९६८ च्या अधिकृत चरित्रात जॉन लेनन आणि पॉल मॅकार्टनी यांची पहिली भेट १५ जून १९५६ ची दिली होती, आणि ती खुद्द त्यांच्याशी बोलून. पुढे लिव्हरपूलचे स्थानिक साप्ताहिक उघडून पाहिल्यावर ज्या चर्चच्या जत्रेत ते भेटले ती ६ जुलै १९५७ ची निघाली, म्हणजे वर्षच चुकले होते. मार्क लुइसन या संशोधकाने असेच गावोगावचे जुने अंक चाळून बीटल्सच्या खेळांची जंत्री १९८६ मध्ये पुस्तकरूपाने काढली. लेड झेपेलिनची गंमत त्याहून गोड आहे. हा बँड प्रथम ७ सप्टेंबर १९६८ रोजी डेन्मार्कमध्ये ग्लॅडसॅक्स येथे वाजवायला उभा राहिला, तेव्हा त्याचे नाव वेगळे होते. ‘लेड झेपेलिन’ या नावाने पहिला खेळ सरे विद्यापीठात १५ ऑक्टोबर १९६८ रोजी झाला, असे कित्येक वर्षे पुस्तकांतून छापले गेले. मग त्या खेळाचे भित्तिपत्रक सापडले. त्यावर तारीख २५ ऑक्टोबर, आणि नाव मात्र जुनेच, ‘न्यू यार्डबर्ड्स’. कागदाने तारीख सुधारली आणि ज्या कारणासाठी ती महत्त्वाची होती त्या कारणालाच धक्का दिला. अमेरिकेत मेरीलँडमधल्या व्हीटन गावच्या युवा केंद्रात २० जानेवारी १९६९ रोजी ते वाजवून गेले असे सांगणारे लोक भेटतात. तिकीट नाही, जाहिरात नाही, छायाचित्र नाही. जेफ क्रुलिक या दिग्दर्शकाने त्यावर अख्खा माहितीपट केला. फंदी आणि अहिल्याबाई यांच्या भेटीसारखाच हा मामला, फक्त साक्षीदार हयात.

या बँडचा एक धागा मुंबईत अडकलेला आहे. जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट १९७२ मध्ये मुंबईला आले, कुलाब्याच्या ‘स्लिप डिस्क’मध्ये त्यांनी वाजवले आणि विजय राघव राव यांच्या साहाय्याने भारतीय वादकांबरोबर ‘फ्रेंड्स’ आणि ‘फोर स्टिक्स’ ही आपली गाणी नव्याने ध्वनिमुद्रित केली. या मुद्रणाच्या चोरट्या प्रती हातोहात फिरत राहिल्या, आणि चोरट्या प्रतीवर तारीख कोण लिहिणार? बरीच वर्षे ‘मार्च १९७२’ असे छापले जाई, कारण फेब्रुवारीअखेर त्यांचा ऑस्ट्रेलियाचा दौरा संपला होता आणि परतीच्या वाटेवर मुंबई सोयीची पडे. पण त्याच वर्षी २ ते १० ऑक्टोबर त्यांचा जपानचा दौराही झाला होता, आणि आता ऑक्टोबर हाच महिना मान्य आहे. हे मुद्रण अधिकृतपणे बाहेर आले २०१५ मध्ये, ‘कोडा’च्या नव्या आवृत्तीत. त्रेचाळीस वर्षे! भाव्यांना आपली हकीकत छापायला लागली त्याहून एकच वर्ष जास्त.

आता आपल्या गावी, आपल्या काळात येऊ. फंदींच्या संगमनेरलाच कांताबाई सातारकरांनी बिऱ्हाड केले आणि तिथून आपला फड चालवला; २०२१ मध्ये त्या गेल्या. पुणे जिल्ह्यातल्या नारायणगावच्या विठाबाई त्याआधी, १५ जानेवारी २००२ रोजी गेल्या. पूर्ण दिवस भरलेल्या विठाबाई खेळ मध्येच सोडून कनातीमागे गेल्या, बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्या, ही हकीकत मराठी माणसाला पाठ असते. मराठी तमाशातली ही सर्वांत प्रसिद्ध रात्र, आणि तिच्या हकीकतीबरोबर तारीख येत नाही. या रात्रीला कोंडीत पकडण्याच्या वाटा मात्र मोकळ्या आहेत. जत्रा तिथीची असते. गाव आणि साल कळले की पंचांग तिची तारीख सांगते, फक्त अधिक महिन्याचे वर्ष असेल तर जपावे लागते. मूल जन्मले म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदवहीत ओळ असू शकते. तंबूचा, तिकिटाचा खेळ असेल तर करमणूक कर भरला गेला असेल, पोलिसांची परवानगी निघाली असेल. जुन्या कायद्याचा तो नोंद ठेवणारा गृहस्थ इथेही उपयोगी पडतो. तमासगिराला साल विचारले तर तो दुष्काळाच्या हिशेबाने सांगतो, बहात्तरच्या आधी की नंतर. टाउनशेंड आणि पेज आपल्याकडे येऊन गेले तेच हे बहात्तर, पण फडांच्या आठवणीत ते वर्ष पाण्यावाचून राहिलेले आहे.

आज हंगामी फडांचा हिशेब नारायणगावला ठरतो. पाडव्याच्या आधी तिथे फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे यात्रा कमिटीचे लोक येतात, बोलाचाली होतात आणि सुपारी फुटते. कागदावर गाव येते, जत्रेचा दिवस येतो, रक्कम येते. फंदींच्या वेळी जे नव्हते ते सगळे या चिठोऱ्यावर आहे, आणि उद्याचा संशोधक त्याच्यावर झडप घालील हे नक्की. त्याने २०२० ची सुपारी हाती आली तर मात्र थोडे थांबावे. त्या वर्षीचा गुढी पाडवा २५ मार्चला होता, आणि देशभरची टाळेबंदीही त्याच दिवशी सुरू झाली. त्याआधी फुटलेल्या सुपाऱ्यांवरची गावे खरी, दिवस खरे, आकडेही खरे. खेळ एकही झालेला नाही.